तोटीखालचा काळा डाग

मी ब्युरेट बोलतोय. बोलतोय खरा, पण सुरुवातीलाच सांगून ठेवतो, मला जे आठवतं ते तसंच घडलं होतं का, याची मला खात्री नाही. मी काचेचा. जे माझ्यात ओतलं ते मी खाली सोडलं. साठवून ठेवायची मला सवयच नाही. शिवाय मी उभा असायचो उंचावर, आणि जे काही घडायचं ते माझ्या पायाखालच्या फ्लास्कमध्ये, अरुंद गळ्याच्या आत. तिथला रंग वरून दिसायचा तो असा-तसाच. तेव्हा माझं ऐका, पण पडताळूनही घ्या.

मी म्हणजे एक लांब, सरळ नळी. खाली काचेचीच तोटी. तोटी फिरवली की थेंब थेंब करून द्रव खाली पडतो, आणि किती पडला ते माझ्या अंगावरच्या रेघा सांगतात. साऱ्या जगाचं शून्य तळाशी असतं, माझं मात्र डोक्यावर. जितका रिकामा होईन तितका माझा आकडा वाढतो. अशा उलट्या माणसाच्या स्वभावात शंका नसेल तर काय असेल?

भट्टीतून निघाल्यावर माझी परीक्षा झाली होती. माझ्यातून सोडलेलं पाणी तराजूत घालून तपासलं, आणि तपासणाऱ्याने मान डोलावली. ती मान पुढे मला फार वेळा आठवली. खरंच डोलावली होती, की त्याची मान अवघडली होती?

मला विकत घेतलं ते सरांनी. त्यांना सगळं गाव सरच म्हणायचं. रसायनशास्त्रात डॉक्टरेट, उभी हयात कॉलेजात शिकवण्यात गेलेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी घराच्या पुढच्या दोन खोल्यांत पाणी तपासायची प्रयोगशाळा काढली आणि मला रुमालात गुंडाळून घरी आणलं. कॉलेजातल्या इतर ब्युरेटींवर त्यांचा विश्वास नव्हता. तसा त्यांचा कशावरच फारसा नव्हता. घराला कुलूप लावून निघाले की कोपऱ्यापर्यंत जाऊन परत यायचे, कुलूप ओढून बघायचे. एकदा तर तिसऱ्यांदा आले तेव्हा शेजारीण गॅलरीतून म्हणाली, "सर, तुम्ही जा निवांत. मी ओढते थोड्या थोड्या वेळाने."

आमचं काम क्लोराइड मोजायचं. म्हणजे पाण्यात मुरलेलं मीठ किती, ते. नळाचं पाणी यायचं, विहिरीचं यायचं, गटारात सोडायचं सांडपाणी यायचं. फ्लास्कमध्ये नमुना घ्यायचा, त्यात क्रोमेटचे थेंब टाकायचे, पाणी पिवळं व्हायचं. मग माझ्यातून सिल्व्हर नायट्रेट, म्हणजे विरघळलेली चांदीच, सोडायचं. जोवर पाण्यात क्लोराइड आहे तोवर चांदी त्याच्याशी जमवते आणि फ्लास्कमध्ये नुसता पांढरा गढूळपणा येतो. क्लोराइड संपलं की पुढचा थेंब क्रोमेटला चिकटतो आणि पिवळ्याचं विटकरी लाल होतं. त्या क्षणी तोटी बंद. किती सोडलं ते वाचा, झालं.

पण डिस्टिल्ड पाण्यात काहीच नसलं तरी ते लाल व्हायला थोडी चांदी खातंच. म्हणून आधी नुसत्या डिस्टिल्ड पाण्यावर तोच खेळ करायचा आणि आलेला आकडा नमुन्यातून वजा करायचा. त्याला ब्लँक म्हणतात. कितीतरी वर्षं सर सगळं स्वतःच करायचे. चांदीचं द्रावण बनवणं, ते मोजलेल्या मिठावर पारखून घेणं, ब्लँक, नमुना, सगळं एकहाती. त्यांचा आकडा कधी चुकला नाही. गावात भांडण झालं की लोक म्हणायचे, सरांकडे बाटली पाठवा.

त्या खोलीतली दुसरी एक गोष्ट सांगायला हवी. माझ्या समोरच्या भिंतीवर सरांच्या लेकीच्या मुलाने काढलेलं चित्र लावलं होतं. लेक परगावी असायची, सुट्टीत यायची. चित्रात टेकडी, टेकडीवर झाडं, आणि झाडांची पानं चॉकलेटी. लेक म्हणाली होती, "बाबा, याला झाडं कुठली कळतात? खोडाचाच रंग वर फासलाय." सर चष्मा लावून चित्राजवळ गेले आणि म्हणाले, "काय वाईट आहे? चांगली हिरवीगार तर आहेत." सगळे हसले. आजोबा नातवाची बाजू घेणारच.

सरांची बायको वारली आणि त्यांचे पायमोजे जुळेनासे झाले. एक हिरवा, एक तपकिरी. घरातले म्हणायचे, दुःखाने लक्ष उडालंय.

मग सून आली. मुलगा धरणाच्या बांधकामावर दूर असायचा, पंधरवड्याने घरी यायचा. सून रसायनशास्त्रच शिकलेली. सरांचे गुडघे कुरकुरायला लागले होते, तेव्हा सकाळची तयारी तिने आपल्याकडे घेतली. डिस्टिल्ड पाणी काढायचं, चांदी मिठावर पारखायची, ब्लँक घ्यायचं. सर खुर्ची ओढून बसायचे आणि फक्त नमुने करायचे. तिचा हात हलका. माझी तोटी डाव्या हाताने फिरवायची, उजव्याने फ्लास्क घोळवायची, आणि ओठातल्या ओठात गुणगुणायची. मला ती आवडायची. म्हणूनच मला माझ्या साक्षीची भीती वाटते.

तिच्या येण्यानंतर काही महिन्यांतच सर म्हणायला लागले, "गावाचं पाणी खारावत चाललंय." दवाखान्याच्या विहिरीचा आकडा वाढला, शाळेच्या टाकीचा वाढला, लाँड्रीच्या बोअरचाही वाढला. कोणीतरी कुठेतरी काहीतरी सोडतंय, असं त्यांच्या मनाने घेतलं. फिरायला गेले की गटारांच्या झाकणांवर वाकून वास घ्यायचे.

आणि नेमकी त्याच वेळी बर्फाच्या कारखान्याची तक्रार आली.

बर्फाचा कारखाना म्हणजे मोठी खारट पाण्याची टाकी, त्यात बुडवलेले बर्फाचे डबे. ती टाकी झिरपतेय आणि कारखान्याच्या सांडपाण्यातून मीठ नाल्यात जातंय, असं नाल्याकाठच्या लोकांचं म्हणणं. पालिकेचा निरीक्षक बाटल्या घेऊन आला. हा माणूस कायम खांद्याच्या पिशवीत नमुन्यांच्या बाटल्या घेऊन हिंडायचा, म्हणून सगळे त्याला बाटलीवाले म्हणायचे. तोही हसून घ्यायचा. "आयुष्यात एक थेंब प्यायलो नाही, आणि नाव बघा!"

कारखाना सुनेच्या मामांचा होता. सख्खे मामा. तिचे आई-वडील लवकर गेले, तिला वाढवलं मामा-मामींनी, शिकवलं मामांनी, लग्नही त्यांनीच लावून दिलं.

सून आल्यापासून प्रयोगशाळेचा नियम होता, तक्रारीचा नमुना दोघांनी वेगवेगळा करायचा. सरांचा आकडा मर्यादेच्या वर गेला. सुनेचा मर्यादेच्या आत आला. फरक फार नव्हता, पण मर्यादेची रेघ नेमकी दोघांच्या मध्ये पडली. खारट नमुना पातळ करून घेतात आणि शेवटी उत्तर मोठ्या आकड्याने गुणतात. त्यामुळे माझ्या तोटीतले चार थेंब कागदावर जाऊन मोठे होतात, हे तुम्ही लक्षात ठेवा.

सरांनी चष्मा काढून पुसला. "परत कर," ते म्हणाले. परतही तसंच झालं.

त्या दिवसापासून खोलीत संशय राहायला आला. सरांनी चांदीच्या तपकिरी बाटलीला पातळीपाशी दोरा बांधला. नमुन्यांच्या बुचांवर लाख ओतली. सुनेला मुद्दाम दुकानात पाठवायचे आणि ती गेली की माझ्यापाशी येऊन मला नखाने टिचक्या मारायचे, भिंगातून माझ्या रेघा तपासायचे. मीही मनातल्या मनात स्वतःला तपासायचो. तोटीचं ग्रीस सुकलंय का? टोकाला कुठे टवका गेलाय का? सून आपल्या मामासाठी काही करत असेल का? कधी वाटायचं, हो. तिचे डोळे हल्ली खाली असायचे. कधी वाटायचं, ज्याच्यावर चोवीस तास कोणीतरी डोळे रोखून बसलंय, तो वर कसा बघणार?

एकदा मामा स्वतः आले. दाराबाहेरच उभे राहिले. "सर, माझ्या टाकीला भोक असतं तर माझा बर्फ कसा झाला असता? मीठ गेलं की टाकीचं गारपण गेलं. रोज हात घालून बघतो मी."

"बर्फाचं मला सांगू नका," सर म्हणाले. "आकडा काय सांगतो ते बोला."

"कोणाचा आकडा? तुमचा की तिचा?"

"तेच तर बघायचंय."

मामा भाचीकडे न बघताच गेले. बघितलं असतं तर त्याचाही अर्थ काढला गेला असता.

शेवटी ठरलं, बाटलीवाल्यांच्या समोर नवा, लाखबंद नमुना करायचा. मर्यादेच्या वर आला तर कारखान्याला कुलूप. आदल्या संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून सर म्हणाले, "सूनबाई, उद्या मी स्वतः तोटी धरणार. तुझा आकडा खोटा ठरला, तर पुन्हा या दोन खोल्यांत पाऊल टाकायचं नाही. आणि मुलाला मी सांगेन, का ते."

ती म्हणाली, "बरं, बाबा." एवढंच. हातातली ताटली मात्र तिने तीनदा पुसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाटलीवाले आले. सरांनी लाख फोडली. सकाळचं ब्लँक नेहमीप्रमाणे सुनेने घेतलेलं होतं. सर माझ्यापाशी बसले, तोटी त्यांच्या बोटांत. फ्लास्क घोळवायला सून. बाटलीवाले खिडकीशी उभे राहून चहा पीत होते आणि कारखान्यातल्या बर्फात गोठलेला बेडूक त्यांनी स्वतः कसा पाहिला ते सांगत होते.

थेंब पडू लागले. पिवळ्या पाण्यात पांढरा ढग उठायचा, घोळवला की विरायचा. मग थेंब जिथे पडे तिथे लाल ठिपका दिसायला लागला, आणि तोही विरेना. निदान मला तसं वाटलं.

"बाबा, झालं," सून हळूच म्हणाली.

"काय झालं?"

"लाल झालं."

"कुठे लाल?" सर आणखी वाकले. थेंब पडला. आणखी एक पडला. "पिवळंच आहे. मामाला सोडवायची घाई झालेली दिसतेय."

तिने चटकन त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मला वाटतं, ती तिथे लबाडी शोधत होती. लबाडी नव्हती. सर खालच्या ओठावर दात रोवून, घाम पुसत, फ्लास्कमध्ये खरोखरीच काहीतरी शोधत होते आणि ते त्यांना दिसत नव्हतं. थेंब पडतच होते. फ्लास्कमधलं पाणी आता चांगलं विटेसारखं झालं होतं. सून भिंतीवरच्या चित्राकडे बघत राहिली. मग खाली, सरांच्या पायांकडे. एक हिरवा, एक तपकिरी.

मला वाटलं, आता ती बोलणार. बाटलीवाल्यांना हाक मारायची, फ्लास्क दाखवायचा, एवढंच काम होतं. मामाचा कारखाना वाचला असता, तिची खोली वाचली असती. आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला कळलं असतं की सरांना लाल रंगच दिसत नाही. मग इतकी वर्षं त्यांनी केलेले निवाडे लोकांनी उकरून काढले असते.

ती मोठ्याने म्हणाली, "बाबा, थांबा! तोटी गळतेय."

सरांचा हात थबकला. बाटलीवाले चहाचा कप घेऊनच धावले. सुनेने माझ्या तोटीखालून बोट फिरवलं आणि ओलं बोट सगळ्यांना दाखवलं. "हे बघा. सैल झालीय. मी हलक्या हाताने फिरवते तेव्हा जेमतेम धरते. तुमचा हात जड, दाबली जाते आणि बाजूने झिरपते. म्हणून तुमचा आकडा जास्त येतो."

माझ्यावर आभाळ कोसळलं. मी गळतोय? मी?

सर तिच्याकडे बघत राहिले. विश्वास बसला नव्हता, हे स्पष्ट होतं. "असं असेल तर कळेलच," ते म्हणाले. "भरून ठेव तशीच. मी आकडा लिहून ठेवतो. उद्या सकाळी बघू किती खाली येतो. दाराची किल्ली माझ्याकडे राहील."

चांदीला उजेड सोसत नाही, म्हणून संध्याकाळी माझ्यावर काळं फडकं घालतात. ते सुनेनेच घातलं. सर दाराशी किल्ली घेऊन उभे होते. फडकं घातल्यावर मला काही दिसत नाही. मला कोणाचा तरी हात लागला, एवढं नक्की. पण फडकं सारखं करणारा हात आणि तोटी फिरवणारा हात यांतला फरक मला त्या अंधारात कळला का? कळला असं कधी वाटतं. आपला हात कापतोय हे म्हाताऱ्या माणसाला शेवटी कळतं, तसंच माझंही असेल, असंही वाटतं.

सकाळी फडकं काढलं तेव्हा माझी पातळी खाली आलेली होती. माझ्या तोटीखालच्या पांढऱ्या फरशीवर पाण्याचं चिमुकलं तळं होतं. बघता बघता खिडकीतल्या उन्हाने ते काळं पडलं. चांदी जिथे सांडते तिथे असाच डाग पडतो, आणि पुसून जात नाही. सुनेच्या बोटाचं टोकही काळं झालेलं होतं. पण त्या खोलीत कोणाचं बोट काळं नसायचं?

सरांनी त्या डागावर अंगठा घासला. मग मला स्टँडमधून काढलं. "एवढी वर्षं," ते म्हणाले, "एवढी वर्षं हिने मला फसवलं." रागावले की ते मला 'ही' म्हणायचे.

नवी ब्युरेट आली. सून म्हणाली, "बाबा, नवी काच आहे. चांदी पारखण्यापासून ब्लँकपर्यंत सगळं तुमच्याच हाताने होऊ दे. माझा हात मध्ये नको, उगाच कोणी बोलायला नको." सरांना ते पटलं, संशयी माणसाला ते पटणारच. त्यांनी सगळं एकहाती केलं, पूर्वीसारखं. आता त्यांचा डोळा ब्लँकमध्येही उशीर करत होता आणि नमुन्यातही तेवढाच. उशिरातून उशीर वजा झाला. आकडा आला तो सुनेच्या आकड्याला लागून, मर्यादेच्या आत.

बाटलीवाल्यांनी सही केली. कारखाना चालू राहिला. सर सुनेला म्हणाले, "तुझा हात बरा आहे." त्यांच्या तोंडून एवढं येणं म्हणजे खूप झालं. तेव्हापासून आमच्या प्रयोगशाळेत नियम झाला, ज्याचा नमुना त्यानेच त्याचं ब्लँक घ्यायचं. नियम सुनेने सुचवला. सर तो येईल-जाईल त्याला स्वतःचा म्हणून सांगायचे. गावाचं पाणीही मग हळूहळू गोडं झालं.

मला मात्र फळीवर टाकलं. धूळ बसली. कोणी पाहुणा आला की सर माझ्याकडे बोट दाखवायचे, "ती बघा, गळकी." मी ऐकायचो. पहिल्या पहिल्यांदा राग यायचा. मग राग गेला आणि शंका राहिली, कारण डाग तर मी स्वतः पाहिला होता. तराजूवाल्याची ती मान खरंच अवघडली असेल.

सर गेले. त्यांच्या खुर्चीवर सून बसायला लागली. तिचे केस पिकले. एकदा आवरासावर करताना तिने मला फळीवरून उतरवलं, पुसलं, आणि खिडकीतल्या कुंडीत वेलीला आधार म्हणून रोवलं. बरेच दिवस तिथेच होतो. माझ्या पन्नासाच्या रेघेपर्यंत माती होती. वेल माझ्यावर चढायची, तिला माझा भरवसा वाटायचा. मी तिला काही सांगायचो नाही.

मध्यंतरी सरांची लेक आली, मुलाला घेऊन. मुलगा आता दाढीवाला बाप्या झालेला. त्याला जहाजावर नोकरी मिळायची होती, डोळ्यांच्या तपासणीत नापास झाला.

"रंगांची ठिपक्याठिपक्यांची चित्रं दाखवतात म्हणे," लेक खुर्चीत बसत म्हणाली. "याला त्यातले आकडेच दिसेनात. लाल नि हिरवं एकच! वहिनी, मी डॉक्टरांना म्हटलं, आमच्यात असलं काही नाही. तर म्हणतात, हे आईकडून येतं. बहुतेक आईच्या वडिलांकडून. आता बाबांना काय झालं होतं? जन्मभर रंग बघूनच तर पाणी तपासलं त्यांनी!"

सुनेने भिंतीकडे पाहिलं. भिंतीवरचं ते चित्र अजून तिथेच होतं, कडा पिवळ्या पडलेलं. चॉकलेटी पानांची झाडं.

"वहिनी?"

"होतं, ताई," सून म्हणाली. "बाबांनाही होतं."

"तुला काय माहीत?"

मग तिने सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, "डाग मीच पाडला. फडकं घालताना तोटी अशी जराशी फिरवली, पाच-सात थेंब सोडले आणि बंद केली. बाबा दाराशीच होते. वाटलं, कळणार."

"आणि कोणाला बोलली नाहीस? दादालाही?"

"त्यांना काय सांगायचं? बाबांचं कधी चुकलं नव्हतं, ताई. एकटे करत होते तोवर एकही आकडा चुकला नव्हता. मी मदत करायला गेले, तिथे बिघडलं."

लेक डोळे पुसायला लागली. आणि मग हसायला लागली, "म्हणजे ते पायमोजे!" म्हणून. दोघीही हसल्या. लेकीचा मुलगा मात्र खिडकीशी आला होता. त्याने वेल अलगद सोडवली आणि मला मातीतून उपसलं.

"मामी, हीच का ती गळकी?"

"हीच."

त्याने मला नळाखाली धुतलं, तोटीला ग्रीस लावलं, शून्यापर्यंत पाणी भरलं आणि स्टँडमध्ये उभं केलं. किती वर्षांनी मी सरळ उभा राहिलो! खाली, माझ्या तोटीच्या अगदी खाली, त्याने एक कोरा टीपकागद ठेवला. सून म्हणाली, "आता कशाला रे?" तो म्हणाला, "असू दे. चहा पिऊन येऊ."

ते आत गेले. मी धरून राहिलो. मला खरंच माहीत नव्हतं.

परत आले तेव्हा सुनेने टीपकागद उचलून खिडकीपाशी उजेडात धरला. कागद कोरडा होता.